नमुन्याचा तुकडा

३ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद आधी घेऊन ठेव, कारण पुढे बोलणी आहेत. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू "हो ताई, हो ताई" म्हणालास आणि मधेच दुकानातल्या गिऱ्हाईकाला नळी "पाऊण इंची की एक इंची" विचारलंस. मला पाऊण इंची उत्तर नको. म्हणून कागदावर लिहिते. शिक्षण चौथीचं आणि अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण कागद हातात राहतो.

मला अंगणात माशांसाठी हौद करायचा आहे. हसू नकोस, कारण ऐक.

तुझ्या भाऊजींना झटका येऊन चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं शाबूत आहे. पेपर पहिल्या पानापासून भाड्याने-देणे-आहेपर्यंत वाचतात, तुझं पत्र आलं तर तेही आधी तेच वाचतात. पण खोलीच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. खिडकीशी ती काचेची टाकी, तिच्यात नऊ गोल्डफिश, आणि समोर हे. डाव्या हाताने चमचा काठावर दोनदा वाजवतात, की मासे वर येतात. पहिला तो मोठा. त्याला आम्ही मुकादम म्हणतो, कारण बाकीच्यांना ढकलून पुढे येतो आणि स्वतः काम काही करत नाही. दिवसभरात हे आपणहून करतात असं तेवढं एकच काम.

व्यायाम शिकवायला येतात त्या बाई म्हणतात, उजेडात बसवा, दहा पावलं चालवा. मी सांगून थकले, त्या रागावून थकल्या. मग मला सुचलं, मासे बाहेर नेले की हे मागोमाग येतील.

आता प्रश्न असा की हौद कशाचा करायचा. इथला रंगवाला म्हणतो आतून निळा रंग मारा. शेजारीण म्हणते तांब्याच्या नळीचं कारंजं करा, छान दिसतं. जो तो शहाणा. हे रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं गोदाम सांभाळत होते. डब्यावरचं वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा त्यांचा कायदा. तुलाही तिथे त्यांनीच चिकटवलं, आणि डब्यांवरची चित्रं कान धरून शिकवली. कुठलं पेट घेतं, कुठलं कातडी जाळतं. तेव्हा तुला माहीत असणार.

माझी रीत सांगते. प्रत्येक वस्तूला एक बादली. वस्तू पाण्यात टाकायची, बाजारातला एक बारका मासा सोडायचा, आणि पंधरा दिवस बघायचं. बारक्या माशाचं वाईट वाटतं, पण मुकादमाचं त्याहून वाईट वाटेल.

काय वापरू ते लिही. कागदावर.

ताई


९ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र दुकानात वाचलं आणि एकटाच हसत बसलो. गिऱ्हाईकाला वाटलं भाव ऐकून हसतोय. भाऊजींना नमस्कार सांग. हे पत्र त्यांच्याच हाती आधी दे, म्हणजे मी अजून सगळं विसरलो नाही हे त्यांना कळेल.

नीट सांगतो. नुसत्या सिमेंटचं तळं करू नकोस. नव्या सिमेंटातून चुना उतरतो आणि माशांचे कल्ले जळतात. करायचंच म्हटलं तर महिना-दीड महिना पाणी भरायचं, ओतायचं, परत भरायचं. तुला एवढा धीर कुठला. तांब्याचं काहीही आत नको, मासा तांब्याला टिकत नाही. जस्ताचा मुलामा दिलेलं नको. औषध पाजलेलं लाकूड नको. बाथरूमच्या फटीत भरतात तो सिलिकॉन नको, त्यात बुरशीचं औषध असतं. रंग तर नकोच. नळी प्लॅस्टिकची घे.

आतून काळं रबराचं शीट घाल. पण त्यातही दोन जाती असतात, इथे लक्ष दे. एक माशांच्या तळ्यासाठी केलेलं, दुसरं छतावर अंथरायचं. दिसायला जुळी भावंडं. छतावरच्याला मुळं धरू नयेत, शेवाळ चढू नये म्हणून कारखान्यात औषध लावलेलं असतं. ते पाण्यात हळूहळू उतरतं, ऊन लागलं की जास्त. ते चुकूनही घ्यायचं नाही, कुणी फुकट दिलं तरी.

माझ्याकडे माशांच्या शीटचा एक रोल आहे. त्यावर खडूने मोठ्या अक्षरात "ताई" लिहून बाजूला उभा केला. त्यातला हातभर तुकडा नमुन्याला सोबत पाठवतो. त्याला बादली दे, तुझ्या मनाचं समाधान होऊ दे.

घरचं काम आहे. भाऊजींनी मला उभं केलं, ते विसरणारा मी नाही. तू अजिबात काळजी करू नकोस.

तुझा
धाकटा


२८ मार्च

धाकट्या,

बादल्यांचा निकाल लागला. एका रांगेत सहा बादल्या ठेवल्या होत्या, न्हाणीत पाय ठेवायला जागा नव्हती.

तांब्याचा वाकडा तुकडा घातला होता, तो मासा तिसऱ्या दिवशी आडवा. लगेच काढून दुसऱ्या पाण्यात टाकला, वाचला, पण अजून एका कुशीवर पोहतो. सिलिकॉनवाला गेला. पांढरे गोटे दुकानदाराने "अगदी निर्धोक" म्हणून दिले होते. त्यांच्यावर व्हिनेगर टाकलं तर साबणासारखा फेस आला. म्हणजे त्यांच्या पोटात चुना. परत नेऊन त्याच्या टेबलावर ठेवले. विटा धुऊन घेतल्या तर चालतात. प्लॅस्टिकची नळी चालते.

आणि तुझा तुकडा. पंधरा दिवस सांगितले होते, चांगले सोळा झाले. त्या बादलीतला मासा एवढा आगाऊ झालाय की पाणी बदलताना बोटाला चावतो. तुकड्याच्या खाली घर केलंय त्याने. तेव्हा पास. रोल पाठव.

खड्डा तयार आहे. बाहेरून विटांची बुटकी भिंत घेतली, यांच्या खुर्चीच्या उंचीची, म्हणजे बसल्या बसल्या चमचा काठावर पोचेल. गवंडी म्हातारा आहे, हाताने चांगला, तोंडाने फाटका. बादल्या बघून म्हणाला, "बाई, मी हौद बांधतोय की माशांचा दवाखाना?" मी म्हटलं, तू वीट सरळ लाव, नाहीतर तुलाही बादलीत बसवीन. तेव्हापासून माझं नीट ऐकतो. सिमेंट फक्त बाहेरच्या बाजूला आणि खाली, सगळ्यावरून तुझं शीट येणार.

हे खिडकीतून बघतात. काल गवंड्याने वीट तिरकी ठेवली तर आतून चमचा वाजवला. मीही बघितलं, खरंच तिरकी होती.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस,

रोल आज मालाच्या गाडीने पाठवला, परवा पोचेल. घाईत लिहितो. एका हॉटेलच्या बागेत तीन तळ्यांचं काम मिळालंय, श्वास घ्यायला वेळ नाही.

दोन गोष्टी. शीटला वास येईल, तो नव्या रबराचा, जातो. आणि एका कडेला वाहतुकीत घासलं गेलंय, तिथे वरून काळी चिकटपट्टी लावली आहे. ती अजिबात काढू नकोस, नाहीतर पाणी झिरपेल.

भाऊजींना नमस्कार. घरचाच माल आहे, निर्धास्त घाल.

तुझा
धाकटा


१९ एप्रिल

धाकट्या,

हौद भरला. मासे आत गेले. तुझी पट्टी काढली नाही.

पण सगळं मनासारखं झालं असं म्हणता येत नाही. शीट उलगडलं त्या दिवशी गवंडी एका टोकाला आणि मी दुसऱ्या. तेवढ्यात मागे खरडल्याचा आवाज आला. बघते तर हे दारात. काठी टेकत, भिंत धरत, आपले आपण आलेले. चौदा-पंधरा महिन्यांत पहिल्यांदा. मला रडू आलं, मी गवंड्याकडे पाठ केली.

तर हे सरळ शीटपाशी आले, वाकून बघितलं, आणि चमच्याने त्या पट्टीवर वाजवायला लागले. टक टक टक. मग चांगल्या पायाने शीट ढकललं. तोंडाने अं अं. मी समजावलं की फाटलेलं नाही हो, नुसतं घासलंय. तरी ढकलणं थांबेना. तेव्हा मला कळलं, यांना मासे खोलीतून हलवायचेच नाहीत. चिडले मी. म्हटलं, "सव्वा वर्ष तुमच्या मनासारखं केलं, आता एक दिवस माझ्या मनासारखं होऊ द्या." आणि खुर्चीत बसवून खुर्ची भिंतीकडे वळवली. गवंडी बघत होता. म्हणाला, "बाई, ते काहीतरी सांगताहेत." मी म्हटलं, तू खालची घडी धर.

नळाचं पाणी आठवडाभर तसंच उभं ठेवलं. मग आधी बाजारातले दोन बारके सोडले. दोन दिवस मजेत होते. मग नऊ जण सोडले. मुकादमाने एक चक्कर मारली आणि जागा ताब्यात घेतली. मीच चमचा वाजवला तर आला.

हे वाजवत नाहीत. चमचा मुठीत घट्ट धरून बसलेत. रुसलेत. रुसू देत, चार दिवसांनी येतील वळणावर.

एक गंमत सांगायची राहिली. काल जेवायला बसले तर माझ्या ताटात तुझं ९ मार्चचं पत्र. यांनी कप्प्यातून शोधून ठेवलेलं. तुझी आठवण येते त्यांना. दुसऱ्या कुणाचं पत्र ते असं काढत नाहीत. हॉटेलची तळी झाली की एकदा येऊन जा.

वास अजून आहे. कधी जातो?

ताई


२७ एप्रिल

धाकट्या,

सगळे मेले.

ऊन वाढलं तशी मंगळवारी सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मी पाणी बदललं. बुधवारी चार. गुरुवारी पाच. दोन बारकेही गेले. मुकादम शेवटी गेला. यांच्या खुर्चीसमोरच्या काठाशी येऊन थांबला होता, चमच्याची वाट बघत असावा.

हे आता खिडकीकडे बघत नाहीत. चमचा जेवायलासुद्धा धरत नाहीत, मी भरवते. व्यायामवाल्या बाईंना हात लावू देत नाहीत. पेपर तसाच घडीत पडून असतो.

मी काय चुकले ते सांग. तुला माहीत आहे, मला माहीत नाही.

ताई


१ मे

ती. ताईस,

पत्र वाचून घास उतरला नाही. भाऊजींचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

ताई, हा सगळा चुन्याचा प्रकार दिसतो. तुला मी आधीच लिहिलं होतं, नव्या सिमेंटाचा भरवसा नाही. गवंड्याने बांधल्यावर किती दिवस पाणी मारलं? तुझ्या माघारी आळस केला असणार, आणि वर पाऊण पोतं जास्त ओतलं असणार. ही माणसं आपलं काम म्हणून करत नाहीत. शेवटी गवंडी परका. आपल्या घराचं त्याला काय?

शीटबद्दल मनात काही आणू नकोस. नमुना तू स्वतःच तपासला आहेस. पास तूच केलास.

मासे मी दुसरे पाठवतो.

तुझा
धाकटा


१० मे

धाकट्या,

तुझं पत्र वाचून मी गवंड्याला बोलावलं आणि तोंडाला येईल ते बोलले. फाटक्या तोंडाचा माणूस, पण नुसती टोपी घातली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. हौदाच्या काठावर बसला आणि म्हणाला, "बाई, रात्रभर विचार केला. माझं सिमेंट बाहेर आहे. तुमचं पाणी आत आहे. मधे शीट आहे. शीट गळत असेल तर पाणी कमी व्हायला हवं होतं, झालं का? नाही. गळत नसेल तर माझा चुना आत गेला कुठून?"

चौथीत नापास करायला हवं होतं मला.

मग दोघांनी मिळून हौद उपसला, पट्टीखालून काही झिरपतंय का बघायला. अर्धा उपसला आणि मागे काठीचा आवाज. हे आले. काठावर टेकले, पाय आत सोडला आणि टाच नेमकी त्या पट्टीवर ठेवली. माझ्याकडे बघत राहिले. या वेळी मी खुर्ची आणली नाही. नखाने पट्टी सोडवली.

खाली घासलेलं काही नव्हतं. शीट कोरं करकरीत. त्यावर कारखान्याचा कागद चिकटवलेला, लाल चौकोन, त्यात चित्र. बाजूला बारीक अक्षरं होती, मला येतात ती नव्हेत. पण चित्र वाचायला शाळा लागत नाही. एक वाळकं झाड, आणि त्याच्या शेजारी पोट वर करून पडलेला मासा.

यांनी खिशातून कागद काढला. तुझं ९ मार्चचं पत्र. मांडीवर उलगडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दिसायला जुळी भावंडं.

म्हणजे मागच्या महिन्यात यांना तुझी आठवण आली नव्हती.

ज्याला वाचता येतं त्याला बोलता येत नाही, आणि जिला बोलता येतं तिने त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली. ते माझं मी बघीन. तुला फक्त एक विचारायचं आहे. नमुन्याचा तुकडा कुठल्या रोलमधून कापलास, आणि मला पाठवलास तो रोल कुठला? एका ओळीत लिही. घास उतरला की नाही ते नको.

ताई


१५ मे

ती. ताईस,

तू माझ्यावर संशय घेशील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. भाऊजींच्या आजारपणाने तू थकली आहेस, मी समजू शकतो. ती चित्रं आजकाल कारखानेवाले सगळ्यावरच चिकटवतात, उद्या खोबरेल तेलावरही चिकटवतील. त्यावरून कुणी माणसाची पारख करतं का?

आणि भाऊजींना त्या चित्राचं काय एवढं. त्यांची तब्येत अशी, मन हळवं झालेलं. त्यांच्या बोटाचा तू काय अर्थ लावशील आणि ते काय म्हणत असतील.

जे झालं ते झालं. मी दहा मासे देतो, मुकादमापेक्षा मोठे. नवं शीटही देतो. हॉटेलचं काम उरकलं की स्वतः घेऊन येतो. आपण बसून बोलू. घरातली गोष्ट घरात राहू दे, तुझ्या भावजयीला उगाच लिहू नकोस, तिचं डोकं दुखतं.

तुझा
धाकटा


२१ मे

ती. वन्संस,

नमस्कार. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, नेहमी यांच्या पत्राच्या शेवटी "माझाही नमस्कार" एवढंच. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र गल्ल्याशेजारी पडलं होतं, मी वाचलं.

तुमचा रोल आमच्या दुकानात उभा होता, खडूने नाव घातलेला. मी रोज त्याच्या बाजूने झाडत होते. नमुना त्यातूनच कापला, माझ्यासमोर. मार्चअखेर हॉटेलचा माणूस आला. तीन तळ्यांना एक रोल कमी पडत होता आणि त्याला त्याच दिवशी हवा होता, नाहीतर काम दुसरीकडे देणार होता. यांनी थोडा वेळ विचार केला, मग खडूचं नाव तळहाताने पुसलं. मी म्हटलं, अहो तो वन्संचा आहे. तर म्हणाले, "ताई घरची आहे, तिला चालतं. बाहेरच्याला फसवलं तर दुकान बसेल." छतावरचा एक रोल कुणाच्या कामावरून परत आलेला पडून होता. तो तुम्हाला गेला.

पट्टी मी लावली. हे म्हणाले तिथे घासलंय, लाव. घासलेलं नव्हतं. मी चित्र बघितलं होतं, वन्सं. मासा उलटा होता. विचारलं नाही. दुकानातलं मला कळत नाही असं म्हणायची सवय लागली आहे, तीच म्हणत पट्टी लावली. पट्टी दातांनी तोडली, कात्री सापडत नव्हती म्हणून.

हॉटेलचे मासे चांगले आहेत. हे मला लिहायला नको होतं, पण तुम्ही विचारलं असतं.

भाऊजींना माझा नमस्कार सांगू नका. मला तेवढं तोंड नाही.

तुमची
भावजय


४ जून

धाकट्या,

मी विचारलं त्याचं एका ओळीत उत्तर तू दिलं नाहीस. मला ते दुसरीकडून मिळालं. कुठून ते तुला कळेलच, आणि कळल्यावर तिच्यावर आवाज चढवलास तर मी तुझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसेन आणि येणाऱ्या प्रत्येकाला मुकादमाची गोष्ट सांगेन. मला वेळ आहे. तिने निदान कागदावर लिहिलं.

खूप दिवस विचार केला, तू मला छतावरचं शीट पाठवलंस याचा मला एवढा राग का यावा. माल संपला असता, तू लिहिलं असतंस की ताई, रोल दुसऱ्याला दिला, महिनाभर थांब, तर मी चार शब्द बोलले असते आणि थांबले असते. बादल्यांना पंधरा दिवस थांबले तशी. पण तू आधी मला सगळं खरं लिहिलंस. कुठलं विषारी ते ओळखायला शिकवलंस. मग चांगल्यातला तुकडा कापून दिलास, मी भोळी त्याला बादली दिली, पास केलं, आणि माझ्याच निकालाच्या आड तू दुसरं पाठवलंस. केसाने गळा कापणं ऐकलं होतं. तू माझ्याच बादलीत बुडवलंस.

आणि ते चित्र तुला कुणी शिकवलं? तू सतरा वर्षांचा होतास. यांनी तुला गोदामात डब्यांसमोर उभं केलं होतं, आणि एकेक चित्र ओळखल्याशिवाय चहा देत नव्हते. घरी येऊन तू माझ्याकडे तक्रार केली होतीस. मी तेव्हा तुझी बाजू घेतली होती.

घरची आहे, तिला चालतं. हे वाक्य मी भांडी घासताना म्हणते, कपडे वाळत घालताना म्हणते. तुझ्या प्रत्येक पत्रात घरचं काम, घरचा माल. मला वाटायचं घरच्याला चांगलं मिळतं. आता कळलं, बाहेरच्यांचं भागून उरतं ते घरचं. तेव्हा इथून पुढे मला परकी समज. परक्यांचे मासे जगतात.

मासे पाठवू नकोस. आणलेस तर दारातून परत न्यावे लागतील. रोलही नको. ते शीट गवंड्याने काढून नेलं, त्याच्या शेडच्या छताला घातलं. छतावर ते चांगलं आहे, त्याचं काही चुकलं नाही. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही बोललात ते मी विसरलो, पण भावाचं ऐकून बोललात ते लक्षात राहील." बरोबर बोलला. लाल चौकोनाचा कागद मी कापून घेतला आहे आणि सोबत पाठवते. गल्ल्यामागे चिकटव. चिकटपट्टी तुझ्याकडे आहेच.

यांची माफी मागणं सोपं गेलं नाही. खुर्ची मी वळवली होती, तू नाहीस, ते मी तुझ्यावर ढकलत नाही. त्यांच्यासमोर बसून म्हटलं, चुकले. ते बघत राहिले. रागावलेत की सोडून दिलंय, कळायला मार्ग नाही. आधी भांडायचो तेव्हा निदान उत्तर यायचं.

अजून एक लिहायचं आहे. तुझ्यासाठी नाही, लिहून ठेवायचं म्हणून.

नमुन्याची बादली मागच्या दाराशी तशीच राहिली होती. त्या बोट चावणाऱ्याला हौदात सोडायचं राहून गेलं, मला हौदाच्या गडबडीत आठवलंच नाही. माझ्या विसराळूपणाने वाचला. गेल्या आठवड्यात मी आत कणीक मळत होते आणि टक टक ऐकू आलं. हात तसेच घेऊन दाराशी गेले. हे भिंत धरत मागच्या दारापर्यंत आले होते, पायरीवर बसले होते आणि चमचा बादलीच्या काठावर वाजवत होते. मासा वर आला नाही. त्याला चमचा कुठे माहीत. आवाज झाला की तुकड्याखाली पळायचा. हे थांबायचे, परत वाजवायचे. चार दिवस तसंच. काल आला. चमच्यालाच चावला. यांच्या तोंडातून आवाज आला, तो मी तुला सांगणार नाही कसला.

तुकडा मी बादलीतून काढलेला नाही. तू पाठवलंस त्यातलं खरं तेवढंच आहे, हातभर, आणि एक मासा त्याच्या आधाराने राहतो.

पत्राखाली मी नेहमी काय लिहिते ते तुला माहीत आहे. ते नाव तू पुसलंस, म्हणून खालची जागा मोकळी सोडते.